नाताळचा मोजा हाताने विणताना टाच रीतसर वळवावी, की नुसता आकार पुरे?

माळवी_सुई, इंदूर | १४ सप्टेंबर

आमच्या सूनबाई नगरच्या मराठी ख्रिस्ती कुटुंबातल्या आहेत आणि यंदा नातीचा पहिला नाताळ इंदुरात, आमच्याकडे होणार आहे. त्यांच्या माहेरी घरातल्या प्रत्येक मुलासाठी त्याच्या नावाचा एक मोठा लोकरी मोजा विणण्याची पद्धत आहे. चोवीस डिसेंबरच्या रात्री तो टांगतात आणि सकाळी त्यातून खाऊ, खेळणी निघतात. विहीणबाईंच्या बोटांना संधिवातामुळे आता सुया धरवत नाहीत, म्हणून हे काम त्यांनी मोठ्या विश्वासाने माझ्याकडे सोपवले आहे. सूनबाईंचा लहानपणचा मोजा नमुन्यासाठी माझ्यासमोर आहे. त्याचा पाय तांबडा आहे, टाच आणि पंजा पांढरे आहेत आणि वरच्या पट्टीवर देवनागरीत नाव आहे.

स्वेटर, टोपरी, शाली यांची मला चांगली सवय आहे, परंतु हे सारे काम दोन सुयांवरचे. मोजा हा प्रकार माझ्यासाठी नवा आहे. हा मोजा कोणाच्याही पायात जाणार नाही, मग त्याची टाच चार सुयांवर रीतसर वळवण्याची खरोखर गरज आहे का? दोन सुयांवर मोज्याच्या आकाराचे सपाट विणून मागे शिवण घातली तर काय बिघडेल? माझा कल सध्या शिवणीकडे आहे, कारण त्यात आकार पहिल्यापासून डोळ्यांसमोर राहतो. लोकर कोणती घ्यावी आणि नाव कसे घालावे, याबद्दलही जाणकारांनी सांगावे.

लष्करवासी, ग्वाल्हेर | १४ सप्टेंबर

ताई, चार सुयाच घ्या. हा मोजा पायात जात नाही हे खरे, पण पायातल्या मोज्यापेक्षा याच्यावर ताण अधिक येतो. पायातला मोजा पायाच्या आधाराने उभा असतो, तर हा एका नाडीवर लोंबकळतो आणि त्याच्या पोटात फळे, सुका मेवा, लाकडी खेळणी असा ऐवज असतो. सपाट विणून शिवलेल्या मोज्यात सगळे वजन शिवणीला ओढते. विणलेला भाग ताणला जातो, शिवण तितकी ताणली जात नाही आणि मोजा एका अंगाला पिळवटतो. गोल विणलेल्या मोज्यात ओढ चहूकडून सारखी असते.

आमच्याकडे ग्वाल्हेरला थंडी कडक असल्यामुळे मोजे विणणे हे घरोघरचे काम होते. डिसेंबरात दुपारी गच्चीवर उन्हात बसलेल्या बायकांच्या हातात चार सुया असत आणि बोलणे चालू असताना टाच वळून होत असे. शिकायला जड नाही, फक्त मोजणी चुकू द्यायची नाही. तुम्ही म्हणत असाल तर आकड्यांसह लिहीन.

टाकाटिप्पणी, इंदूर | १४ सप्टेंबर

आकड्यांसह अवश्य लिहा. माझ्यासारखे आणखी चार जण टिपून घेतील.

छप्पनकर, इंदूर | १५ सप्टेंबर

डिसेंबर लागला की बाजारात फेल्टचे तयार मोजे भरपूर येतात, किंमतही फार नसते. वर्षातून एका रात्रीसाठी एवढी मेहनत कशाला, असे मनापासून वाटते. तोच वेळ बाळाच्या स्वेटरला दिला तर ते थंडीभर वापरात येईल.

माळवी_सुई, इंदूर | १५ सप्टेंबर

छप्पनकर, तुमचा हेतू चांगला आहे, पण बाळाचा स्वेटर पुढच्या वर्षी तोकडा होईल आणि हा मोजा तिला वीस वर्षे पुरेल. माझ्यासमोरचा नमुनाच तिशीचा आहे आणि सूनबाई तो अजूनही दरवर्षी बाहेर काढतात. विहीणबाईंनी मागितले आहे ते हातचे काम आहे, तेव्हा हाताने करायचे हे ठरलेले आहे. प्रश्न केवळ कसे करायचे एवढाच.

सूतधागा, इंदूर | १५ सप्टेंबर

लोकरीबद्दल लिहितो. आमचा घरचाच व्यवसाय असल्याने माल रोज हाताखालून जातो.

आपल्या बाजारात हातविणकामासाठी येणारा बहुतेक माल लुधियान्याचा असतो आणि त्यातला मोठा भाग अॅक्रिलिकचा असतो. टांगण्याच्या मोज्यासाठी अॅक्रिलिक वाईट नाही. त्याला कसर लागत नाही, धुतल्यावर आटत नाही आणि तांबडा रंग सहसा पांढऱ्यावर उतरत नाही. मात्र त्यावर गरम इस्त्री कधीही फिरवू नये. उष्णतेने अॅक्रिलिकचा जीव जातो, विणीतला उठाव निघून जातो आणि ती कायमची लुळी पडते. शुद्ध लोकर घेतली तर वीण अधिक घट्ट बसते आणि ओल्या कापडाखाली हलक्या वाफेने आकारही छान घेते. पण तांबडी लोकर घेताना तिचा वीतभर तुकडा कोमट पाण्यात भिजवून पांढऱ्या कापडात दाबून पाहावा. कापडावर गुलाबी डाग आला, तर ती लोकर पांढऱ्याच्या शेजारी नको.

जाडी मध्यम हवी. फोर प्लायचा एकेरी धागा या कामासाठी पातळ पडतो, तो दुहेरी घ्या आणि ८ नंबरच्या, म्हणजे ४ मिलिमीटरच्या सुया वापरा. मोठ्या मोज्यासाठी तांबडी लोकर १०० ग्रॅम आणि पांढरी ५० ग्रॅम साधारण पुरते, तरी तांबडीचा एक गोळा जास्तीचा घेऊन ठेवावा आणि सगळे गोळे एकाच लॉटचे, म्हणजे एकाच वेळी रंगवलेले आहेत हे वेष्टनावर पाहून घ्यावे. दोन लॉटमधला फरक दुकानातल्या दिव्याखाली दिसत नाही, घरी उन्हात लगेच दिसतो. राजवाड्याभोवतालच्या बाजारात दुकानदाराला ‘मोजे वाली चार सलाई’ म्हटले की दोन्हीकडे टोक असलेल्या सुयांचा संच तो बरोबर काढून देतो.

मांडवी, बडोदे | १६ सप्टेंबर

चार सुया घ्याव्यात हे मला मान्य आहे, पण टाच वळवण्याच्या बाबतीत माझे मत वेगळे आहे. मोजा सरळ नळीसारखा विणत जावा. टाचेच्या जागी निम्मे टाके वेगळ्या रंगाच्या टाकाऊ धाग्याने विणावेत, तेच टाके डाव्या सुईवर परत घेऊन मूळ लोकरीने पुन्हा विणावेत आणि पंजापर्यंत पुढे जावे. शेवटी तो टाकाऊ धागा हलकेच ओढून काढला की मोज्याला एक आडवी फट पडते. तिच्या वरच्या आणि खालच्या कडेचे मोकळे टाके सुयांवर घ्यावेत आणि पांढऱ्या लोकरीने पंजासारखेच कमी करत न्यावे. ज्याला पंजा जमतो त्याला ही टाच जमते, नवीन काही शिकावे लागत नाही. शिवाय पायावर झाडे, चांदण्या अशी नक्षी असेल तर ती टाचेपाशी कोठेही तुटत नाही.

आमच्या बडोद्यात थंडी बेताची असल्याने खऱ्या मोज्यांचा सराव कोणालाच फारसा नसतो, आणि म्हणूनच ही रीत इथे अनेकींना सोयीची वाटते.

लष्करवासी, ग्वाल्हेर | १६ सप्टेंबर

मांडवी ताई, तुमची रीत सोपी आहे आणि दिसतेही नीटस. या एका कामासाठी मात्र तिच्यात एक अडचण आहे. नंतर बसवलेल्या टाचेला बाजूची कळी नसते. पट्टी विणून वळवलेल्या टाचेत दोन्ही बाजूंना टाके उचलल्यामुळे घोट्यापाशी मोज्याचा घेर वाढतो, तर तुमच्या रीतीत नेमका तेथेच तो आवळलेला राहतो. पायाला त्याचा फारसा त्रास होत नाही, कारण वीण ताणली जाते. पण वरून टाकलेले खेळणे त्या वळणावर अडकते, पुढचा पंजा रिकामा राहतो आणि सगळे वजन नडगीच्या भागात साचते. भरलेल्या मोज्याचा पंजा पुढे टुमदार दिसायला हवा असेल, तर वस्तू वळणातून पलीकडे गेली पाहिजे.

मांडवी, बडोदे | १६ सप्टेंबर

हा मुद्दा मी लक्षात घेतला नव्हता आणि तो बरोबर आहे. तरीही टाकाऊ धागा निम्म्याऐवजी दोन-तृतीयांश टाक्यांवर घातला तर घेर वाढतो आणि वस्तू अडकत नाही, असे मला वाटते. ज्यांना टाचेची भीती वाटते त्यांनी हा मार्ग ठेवावा.

महूकर, महू | १७ सप्टेंबर

वस्तू पंजापर्यंत जाण्याचा विषय निघाला आहे, तर तेथे सर्वांत आधी काय जाते तेही सांगतो. आमच्या घरी पहिले संत्रे थेट पंजाच्या टोकाला जाते. चौथ्या शतकात आजच्या तुर्कस्तानातल्या मायरा या गावी संत निकोलस नावाचे बिशप होते. एका गरीब माणसाच्या तीन मुलींची लग्ने हुंड्यावाचून अडली होती आणि निकोलस यांनी रात्री गुपचूप त्यांच्या घरात सोने टाकले, अशी कथा आहे. ते सोने वाळत घातलेल्या मोज्यांत पडले असे काही ठिकाणी सांगतात, आणि संत्रे हे त्या सोन्याच्या गोळ्याच्या जागी असते. डिसेंबरात नागपुरी संत्री इंदूर-महूच्या बाजारात असतातच, तेव्हा आपल्याकडे हा रिवाज पाळणे अगदी सोपे आहे.

विणणाऱ्यांनी यातून एवढे घ्यावे की पंजाच्या टोकाला एक सबंध संत्रे बसले पाहिजे. टोक फार निमुळते करू नये.

जुनी_पाने, इंदूर | १७ सप्टेंबर

मोज्याच्या इतिहासाबद्दल थोडे. इजिप्तमध्ये ऑक्सिरिंकस येथे सापडलेले लोकरी मोजे लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. ते इसवी सन २५० ते ४२० या दरम्यानचे मानले जातात, त्यांचा रंग तांबडा आहे आणि चपलेचा पट्टा बसावा म्हणून अंगठा वेगळा ठेवलेला आहे. ते दोन किंवा चार सुयांवर विणलेले नसून एकाच सुईने फासांत फास गुंतवून केलेले आहेत. पुढे इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमजवळच्या कॅल्व्हर्टन गावी विल्यम ली यांनी १५८९ मध्ये मोजे विणण्याचे यंत्र तयार केले, म्हणजे यंत्राने विणकामात शिरकाव केला तो मोज्यापासूनच.

मोजा टांगण्याची प्रथा १८२३ मध्ये अमेरिकेत छापल्या गेलेल्या एका प्रसिद्ध नाताळच्या कवितेत आढळते. तेथे तो धुराड्याशेजारी टांगलेला आहे. हॉलंडमधली मुले ५ डिसेंबरच्या संध्याकाळी बूट ठेवतात आणि इटलीत ६ जानेवारीला मोजा भरला जातो. इंदुरात कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनचे काम जुने आहे, ख्रिश्चन कॉलेज १८८७ चे आहे. त्यामुळे आपल्या शहराला नाताळचे हे रिवाज नवे नाहीत.

टाकाटिप्पणी, इंदूर | १७ सप्टेंबर

धुराडे इंदुरात कोठून आणायचे? माळवी_सुई ताई, मोजा टांगणार कोठे, हे आधीच ठरवा, कारण नाडीची लांबी त्यावर अवलंबून आहे.

माळवी_सुई, इंदूर | १८ सप्टेंबर

पाळण्याशेजारच्या खिडकीच्या गजाला टांगायचे ठरले आहे. लष्करवासी ताईंचे वजनाचे आणि कळीचे म्हणणे वाचून मी शिवणीचा विचार सोडला आहे. चार सुया आणि लोकर आणली. नमुन्याचा मोजा उलटा करून पाहिला, तर विहीणबाईंनीही पट्टीचीच टाच वळवली आहे आणि कडेला उचललेले टाके स्पष्ट दिसतात. आता आकडे हवेत.

लष्करवासी, ग्वाल्हेर | १९ सप्टेंबर

सूतधागा यांनी सांगितलेली लोकर आणि ८ नंबरच्या सुया धरून लिहिते. आधी वीतभर चौकोन विणून १० सेंटिमीटरमध्ये किती टाके बसतात ते मोजा. २२ च्या आसपास यायला हवेत. ६४ टाके घातले की घेर साधारण २९ सेंटिमीटर होतो, म्हणजे सपाट ठेवल्यावर साडेचौदा सेंटिमीटर रुंदी.

टाके तीन सुयांवर वाटून घ्या आणि चौथीने विणा. फेरी जोडताना टाके सुईभोवती पिळले गेलेले नाहीत ना, हे नीट पाहा, कारण पुढे गेल्यावर ते सुधारता येत नाही. एका सुईवरून दुसरीवर जाताना पहिले दोन टाके ओढून घट्ट घ्या, नाहीतर तेथे वरपासून खालपर्यंत शिडीसारखी जाळी पडते. वरची पट्टी दोन सुलट, दोन उलट घालून पाच-सहा सेंटिमीटर करा, किंवा नाव घालायचे असेल तर ती साधी सुलट ठेवा, पण मग कडेला दोन-तीन फेऱ्या उलट घाला म्हणजे कड वळणार नाही. त्यानंतर पाय एकूण ३० सेंटिमीटर होईपर्यंत सरळ विणत जा.

आता टाच. ६४ पैकी ३२ टाके पुढच्या बाजूचे म्हणून स्वस्थ ठेवा. उरलेल्या ३२ टाक्यांवर पांढऱ्या लोकरीने जातयेत पट्टी विणायची आहे. सुलट ओळीत एक टाका न विणता उचला, एक विणा, असे शेवटपर्यंत. उलट ओळीत पहिला उचलून बाकी सगळे उलट. या विणीमुळे पट्टी दुहेरी जाडीची होते. अशा ३२ ओळी झाल्या की पट्टीच्या दोन्ही कडांना १६-१६ साखळ्या मोजता येतात.

मग वळण. १८ टाके सुलट विणा, पुढचे दोन एकत्र, मग एक सुलट, आणि तेथेच काम फिरवा. ११ टाके न विणलेले राहतील. फिरवल्यावर पहिला टाका उचला, ५ उलट, दोन एकत्र उलट, एक उलट, पुन्हा फिरवा. याही बाजूला ११ उरतील. येथून पुढे प्रत्येक ओळीत पहिला टाका उचलायचा, फटीपर्यंत विणत जायचे, फटीच्या अलीकडचा आणि पलीकडचा टाका एकत्र घ्यायचा, पुढचा एक विणायचा आणि फिरायचे. फट डोळ्यांना दिसते, त्यामुळे मोजत बसावे लागत नाही. शेवटच्या दोन ओळींत एकत्र घेतल्यावर पुढे टाका उरत नाही आणि सुईवर १८ टाके राहतात. या क्षणी सपाट पट्टीचा खोलगट पेला झालेला हातात येतो. विणकामात याहून समाधानाची जागा माझ्या माहितीत नाही.

आता तांबडी लोकर जोडा, १८ टाके विणा, पट्टीच्या एका कडेचे १६ टाके उचला, पुढचे ३२ विणा, दुसऱ्या कडेचे १६ उचला. एकूण ८२ झाले. उचलताना प्रत्येक टाका पिळून विणा आणि कोपऱ्यात भोक दिसत असेल तर तेथे एक जास्तीचा टाका उचलून पुढच्या फेरीत शेजाऱ्याबरोबर एकत्र करा. मग एक फेरी साधी आणि एक फेरी दोन्ही कोपऱ्यांत एकेक टाका कमी करत नेली की नऊ वेळा कमी केल्यावर पुन्हा ६४ होतात. पाऊल टाचेपासून १७-१८ सेंटिमीटर झाले की पांढऱ्याने पंजा सुरू करा. दोन्ही बाजूंना दोन-दोन, असे एका फेरीत चार टाके, एकाआड एक फेरीत कमी करत ३२ वर या, मग प्रत्येक फेरीत कमी करून १६ वर थांबा. महूकरांचे संत्रे त्यात बसते.

महूकर, महू | १९ सप्टेंबर

शेवटचे १६ टाके ओढून गाठ मारू नका. आठ-आठ टाके समोरासमोर दोन सुयांवर घ्या आणि बोथट सुईने टाक्याला टाका जोडत न्या, म्हणजे जोड दिसत नाही आणि उंचवटाही येत नाही. या पद्धतीला लॉर्ड किचनर यांचे नाव मिळालेले आहे. पहिल्या महायुद्धात ते ब्रिटनचे युद्धमंत्री होते आणि तेव्हा सैनिकांसाठी घरोघरी मोजे विणले जात. त्याआधी १९०२ ते १९०९ या काळात ते हिंदुस्थानचे सरसेनापती होते, त्यामुळे आमच्या छावणीच्या गावाला हे नाव परके नाही.

टाकाटिप्पणी, इंदूर | १९ सप्टेंबर

आणि सर्वांत आनंदाची गोष्ट अशी की जोडी करायची नाही. दुसऱ्या मोज्यावाचून पूर्ण होणारा हा जगातला एकच मोजा असावा.

चौकट_कागद, इंदूर | २१ सप्टेंबर

नावाचा प्रश्न अजून शिल्लक आहे. मी शाळेत चित्रकला शिकवतो आणि घरातल्या विणकामाच्या नक्षीचे आराखडे मीच काढून देतो, म्हणून लिहितो.

चौकटीच्या साध्या कागदावर अक्षर काढले आणि तसेच विणले, तर ते बसके दिसते. कारण टाका चौरस नसतो. १० सेंटिमीटरमध्ये आडवे २२ टाके बसत असतील, तर उभ्या ओळी ३० च्या आसपास बसतात. म्हणून आडव्या तीन घरांना उभी चार घरे असे प्रमाण ठेवून अक्षर कागदावर मुद्दाम उंच काढावे, विणल्यावर ते योग्य दिसते. देवनागरीसाठी शिरोरेषा दोन ओळींची आणि उभा दंड दोन टाक्यांचा ठेवावा. एका ओळीची शिरोरेषा लांबून तुटक दिसते. वेलांटी, मात्रा आणि रफार यांसाठी शिरोरेषेच्या वर निदान सहा ओळी मोकळ्या हव्यात, आणि नावात उकार असेल तर तितक्याच खालीही. समोरच्या ३२ टाक्यांत नऊ-दहा टाक्यांचे एक अक्षर धरले तर तीन अक्षरे ऐसपैस बसतात.

दिशाही पाहावी लागते. मोजा वरून खाली विणला जातो, म्हणजे विणताना तो आपल्या हातात उलटा असतो. त्यामुळे आराखडा खालून न वाचता वरच्या ओळीपासून, डावीकडून उजवीकडे वाचायचा, अगदी आपण लिहितो तसा. नेहमीच्या सवयीने खालून सुरुवात केली तर नाव आणि झाडे उलटी टांगली जातील. वरची पट्टी बाहेरून दुमडायची असेल तर मात्र हे सगळे पुन्हा फिरते, कारण दुमडल्यावर आतली बाजू बाहेर येते आणि सुरुवातीची कड खाली जाते. अशा वेळी आराखडा नेहमीप्रमाणे खालून वाचावा आणि पट्टी संपल्यावर काम आतबाहेर उलटून पुढे जावे.

मांडवी, बडोदे | २१ सप्टेंबर

आराखडा उत्तम समजावला आहे, पण नाव विणताना घालू नये असे माझे आग्रहाचे सांगणे आहे, आणि त्याचे कारण शिरोरेषाच आहे. दोन रंगांच्या विणीत जो रंग वापरात नसतो तो मागून ओढत न्यावा लागतो. चार-पाच टाक्यांपलीकडे तो मोकळा सोडला तर मागे लोंबता धागा राहतो. शिरोरेषेत तीस टाके सलग पांढरे असतात, तेवढा वेळ तांबडा धागा मागे तसाच राहणार, आणि मोज्यात हात घातला की खेळण्यासकट तो धागा बाहेर येणार. वाटेत तो अडकवत गेले तर पांढऱ्यातून तांबडे ठिपके डोकावतात. शिवाय गोल विणताना नाव संपल्यावर पांढरा धागा नावाच्या शेवटी राहतो आणि पुढच्या फेरीत तो हवा असतो सुरुवातीला.

पट्टी साधी तांबडी विणावी आणि सगळे झाल्यावर पांढऱ्या लोकरीने बोथट सुईने प्रत्येक टाक्याच्या वळणावरून तसेच वळण घेत नाव भरावे. ते विणल्यासारखेच दिसते, दिशेचा गोंधळ राहत नाही आणि अक्षर वाकडे वाटले तर तेवढेच उसवता येते.

चौकट_कागद, इंदूर | २२ सप्टेंबर

शिरोरेषेचा आक्षेप मान्य. प्रमाणाचे नियम भरतकामालाही तसेच लागू आहेत, तेवढे पाळावेत. झाडे, चांदण्या, ठिपके अशी छोटी नक्षी विणतानाच घालता येईल. त्या फेऱ्यांसाठी सुई एक नंबर जाड घ्यावी, कारण दोन रंगांची वीण आवळली जाते.

छप्पनकर, इंदूर | २२ सप्टेंबर

एवढे वाचल्यावर माझे मत बदलले आहे. आमच्या पत्नीला मोजा विणायची इच्छा झाली आहे, लोकर आणायला मी जाणार आहे.

सूतधागा, इंदूर | २३ सप्टेंबर

अनंत चतुर्दशीच्या झांक्या, म्हणजे मिरवणुकीतले देखावे, झाल्या की लगेच सुरुवात करा. पुढे दिवाळीची साफसफाई आणि फराळ आला की सुया हातात धरायला सवड मिळत नाही, आणि दिवाळीनंतर उरलेल्या दिवसांत घाई होते. हात बदलला की वीणही बदलते. घाईत विणलेला पंजा सैल होतो हे गिऱ्हाइकांच्या कामात मी नेहमी पाहतो.

माळवी_सुई, इंदूर | ९ नोव्हेंबर

मोजा सुयांवरून उतरला आहे. टाच लष्करवासी ताईंच्या आकड्यांप्रमाणे वळली, शेवटी १८ टाके बरोबर उरले. दोन्ही कोपऱ्यांत जास्तीचा टाका उचलल्यामुळे भोक अजिबात नाही. पंजाचे टोक महूकरांनी सांगितल्याप्रमाणे टाक्याला टाका जोडून बंद केले. चौकट_कागद यांच्या प्रमाणात नावाचा आराखडा काढला आणि मांडवी ताईंच्या रीतीने ते वरून भरले. शिरोरेषा दोन ओळींची ठेवल्यामुळे खोलीच्या दुसऱ्या टोकावरूनही नाव वाचता येते. विहीणबाईंना व्हिडिओवर दाखवला, तेव्हा त्यांनी आधी टाच जवळून दाखवायला सांगितली आणि मग नाव पाहिले.

मूळ प्रश्नाचे माझ्यापुरते उत्तर मिळाले आहे. टाच वळवलेलीच हवी. रिकामा मोजा शेजारी ठेवून पाहिला, तर वळवलेल्या टाचेमुळे पाऊल आपोआप पुढे येते, त्याला दाबून आकार द्यावा लागत नाही. आता दोनच गोष्टी राहिल्या आहेत, नाडी आणि अस्तर. नाडी कशाची करावी, आणि अस्तर मोज्याएवढेच कापावे का?

लष्करवासी, ग्वाल्हेर | ९ नोव्हेंबर

अभिनंदन. विहीणबाईंनी आधी टाच पाहिली याचा मला फार आनंद झाला.

नाडी त्याच लोकरीची करा. दोन्हीकडे टोक असलेल्या सुईवर चार टाके घ्या, विणा, काम न फिरवता टाके सुईच्या दुसऱ्या टोकाला सरकवा आणि धागा मागून ओढून घेऊन पुन्हा विणा. गोल दोरी आपोआप तयार होते. ती ताणली जाऊ नये म्हणून तिच्या पोटातून सुती दोरा ओवून घ्या. नाडी टाचेच्या बाजूच्या वरच्या कडेला शिवा, म्हणजे मोजा टांगल्यावर पंजा समोर राहतो. शिवताना टाके केवळ कडेला न घेता दोन-तीन सेंटिमीटर खालपर्यंत न्या.

अस्तर मऊ सुती कापडाचे घ्या आणि आधी एकदा धुऊन आटवून घ्या. उंचीला ते मोज्यापेक्षा दीड-दोन सेंटिमीटर कमी कापा, रुंदीला मात्र मोज्याएवढेच ठेवा. अस्तर तोकडे असले की वस्तूंचे वजन त्याच्यावर पडते आणि वीण ताणली जात नाही. अस्तर मोज्याएवढे किंवा मोठे असले तर आधी वीण ताणली जाते आणि मग अस्तराला वजन लागते. वरच्या कडेला शिवताना नाडीचे टोकही अस्तराच्या शिवणीत धरा.

मांडवी, बडोदे | १० नोव्हेंबर

त्यात एक भर घालते. अस्तराचा पंजा मोज्याच्या पंजाला आतून एका टाक्याने अडकवून ठेवा, नाहीतर खेळणे बाहेर काढताना अस्तरही हाताबरोबर उलटे बाहेर येते. बाळ थोडे मोठे झाले की मोज्यात हात तीच घालणार आहे.